घरात दोन मधुमेही आहेत. ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्सचा खर्च कसा आटोक्यात आणावा?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

सर्वांना नमस्कार. माझ्या आईचे वय ६८ आणि बाबांचे ७३ असून दोघांनाही टाइप-२ मधुमेह आहे. आईला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्यांबरोबर रात्री ग्लार्जिन इन्सुलिन सुरू आहे. बाबांचे मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन या दोन गोळ्यांवर व्यवस्थित चालले आहे आणि त्यांचे एचबीए१सी (मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) बराच काळ ७ च्या आसपास टिकून आहे.

घरात एका नामांकित विदेशी कंपनीचा एकच ग्लुकोमीटर आहे. त्याच्या ५० स्ट्रिप्सचा डबा इथे हजार रुपयांच्या आसपास पडतो. आईची साखर सकाळी उपाशीपोटी, दुपारी जेवणानंतर आणि रात्री झोपताना अशी तीनदा, तर बाबांची रोज सकाळी एकदा आम्ही पाहतो. म्हणजे दिवसाला चार स्ट्रिप्स ठरलेल्याच, आणि एखादा आकडा खटकला की खात्री करण्यासाठी आणखी एखादी. बोट टोचायच्या सुया धरून हा खर्च महिन्याला अडीच हजारांच्या पुढे जातो. बाबांचे निवृत्तिवेतन बेताचे आहे आणि औषधांचा खर्च वेगळा आहेच.

स्वस्त भारतीय बनावटीच्या मीटरकडे वळावे का? बहीण न्यू जर्सीहून दिवाळीत येणार आहे, तिच्याकडून स्ट्रिप्स मागवाव्यात का? एकच सुई किती वेळा वापरली तर चालते? डॉक्टरांना विचारले तर ते "तपासत राहा" एवढेच म्हणतात. काटकसर करायची आहे हे खरे, परंतु मागे एकदा पहाटे आईची साखर उतरून तिला दरदरून घाम फुटला होता, त्यामुळे तिच्या बाबतीत कोणताही धोका पत्करण्याची आमची तयारी नाही.

खलबत्ता (सातारा)

मी अनेक वर्षे औषधाचे दुकान चालवले आहे, त्यामुळे पैशांच्या बाजूने सांगतो. वैद्यकीय बाजू जाणकारांनी सांगावी.

पहिली गोष्ट म्हणजे मीटरची किंमत पाहून मीटर घेऊ नये. हा व्यवसाय असा आहे की मीटर स्वस्तात किंवा 'मोफत' दिला जातो आणि खरी कमाई पुढची अनेक वर्षे स्ट्रिप्सवर होते, कारण एका मीटरची स्ट्रिप दुसऱ्या मीटरला चालत नाही. इतकेच काय, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांच्या स्ट्रिप्सही पुष्कळदा परस्परांना लागू पडत नाहीत. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ग्लुकोमीटर, नेब्युलायझर, रक्तदाब मापक वगैरे पाच उपकरणांवरील व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा ग्राहकांना आनंद झाला. परंतु मीटर आपण पाच-सात वर्षांतून एकदा घेतो आणि स्ट्रिप रोज लागते, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्या आनंदाचे वजन कळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मात्र मीटर आणि स्ट्रिप्स या दोहोंवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. तेव्हा बिलात कर किती लावला आहे हे पाहण्याची सवय ठेवावी.

तुमच्या डब्याच्या हिशेबाने एक स्ट्रिप साधारण वीस रुपयांना पडते. भारतीय कंपन्यांच्या स्ट्रिप्स त्याच्या निम्म्या दरात सहज मिळतात. त्यांतल्या काही चांगल्या आहेत. मीटर निवडताना खोक्यावर किंवा माहितीपत्रकात आयएसओ १५१९७:२०१३ या मानकाचा उल्लेख आहे का, ते पाहावे. दुसरे, स्ट्रिप्स तुमच्या गावातल्या किमान दोन दुकानांत कायम मिळतात का, याची चौकशी करावी. घरपोच मागवल्यास स्वस्त पडतात खऱ्या, परंतु पावसाळ्यात घाट बंद झाला आणि पार्सल अडकले तर इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने काय करायचे? एक डबा नेहमी शिल्लक असावा.

घरपोच मागवताना मुदत किमान वर्षभराची असल्याचे पाहून घ्यावे. मोठी सवलत दिसली की माल बहुधा मुदत संपत आलेला असतो. खोक्याचे सील शाबूत असावे आणि बाटलीवरचा बॅच क्रमांक व मुदत ही दोन्ही खोक्यावरच्या छापाशी जुळली पाहिजेत. सुट्या, सील नसलेल्या बाटल्या कितीही स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नयेत.

आणखी एक गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतात. कित्येक स्ट्रिप्सची बाटली एकदा उघडली की छापील मुदत दोन वर्षांची असली तरी तीन किंवा सहा महिन्यांत संपवावी लागते. तसे त्या बाटलीवर किंवा आतल्या पत्रकात लिहिलेले असते. म्हणून कमी तपासणाऱ्याने ५० ची एक बाटली न घेता २५-२५ च्या दोन बाटल्यांचा डबा घ्यावा आणि उघडल्याची तारीख पेनाने बाटलीवर लिहावी. तुमच्याकडे कोकणात तर हे विशेष महत्त्वाचे आहे. स्ट्रिपवर विकराचा (एन्झाइमचा) पातळ थर असतो आणि तो ओलाव्याने बिघडतो. बाटलीच्या झाकणात किंवा अस्तरात ओल शोषणारे द्रव्य असते. त्यामुळे स्ट्रिप काढताच झाकण घट्ट लावावे, दुसऱ्या डबीत स्ट्रिप्स भरू नयेत आणि फ्रिजमध्येही ठेवू नयेत. जून ते सप्टेंबर या काळात झाकण उघडे राहिलेली बाटली म्हणजे पाचशे रुपये पाण्यात.

जुनाजाणता (सांगली)

एवढा खटाटोप कशाला करता? आमच्या वेळी लघवीची साखर पाहत असत. लघवीच्या स्ट्रिप्स आजही मिळतात, फार स्वस्त असतात आणि बोट टोचावे लागत नाही. तसेच स्ट्रिप उभी कापून एकीच्या दोन करणारी माणसे मी पाहिली आहेत.

लॅबवाली (नाशिक)

जुनाजाणता, आपल्या वयाचा आदर राखून सांगते की या दोन्ही सूचना इथे लागू पडत नाहीत, आणि दुसरी तर धोकादायक आहे.

रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्यावर ती लघवीत उतरू लागते. त्यामुळे लघवीच्या स्ट्रिपवर काहीच दिसले नाही तर साखर ९० आहे, १६० आहे की ५० आहे, हे समजण्याचा मार्गच नाही. वाशिष्ठीकाठ यांच्या आईंना भीती साखर उतरण्याची आहे आणि नेमकी तीच लघवीत दिसत नाही. बाबांचे तर आणखी वेगळे आहे. डापाग्लिफ्लोझिन हे औषध साखर मूत्रपिंडावाटे बाहेर टाकूनच काम करते, त्यामुळे रक्तातली साखर उत्तम असली तरी त्यांच्या लघवीत ती भरपूर दिसणारच.

स्ट्रिप कापण्याची पद्धत रंग बदलणाऱ्या जुन्या पट्ट्यांच्या काळातली आहे, कारण तेव्हा रंग डोळ्यांनी तक्त्याशी ताडून पाहत असत. आजच्या स्ट्रिपमध्ये विजेचे सूक्ष्म मार्ग आणि रक्त ओढून घेणारी बारीक नळी असते. ती कापली की मीटर एक तर चूक दाखवतो किंवा भलताच आकडा दाखवतो. त्या आकड्यावर कोणी इन्सुलिन टोचले तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आपल्या लिहिण्यातले "आकडा खटकला की खात्री करण्यासाठी आणखी एखादी" हे वाक्य वाचून मी थांबले, कारण घरोघरी स्ट्रिप्स तिथेच वाया जातात. वर उल्लेख झालेल्या आयएसओ मानकाचा अर्थ असा, की साखर १०० किंवा त्याहून जास्त असेल तर शंभरातील ९५ आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असावेत आणि १०० च्या खाली असेल तर १५ अंकांच्या आत. म्हणजे एका बोटाला १६२ आणि लगेच दुसऱ्या बोटाला १७४ आले तर मीटर बिघडलेला नाही. मीटरच्या भाषेत ते दोन्ही आकडे एकच आहेत. माणसे मात्र दुसरा आकडा बघून अस्वस्थ होतात, तिसऱ्यांदा टोचतात, त्यात १५५ येते आणि मग सरासरी काढत बसतात. तीन स्ट्रिप्स गेल्या आणि माहिती एकीइतकीच मिळाली. पुन्हा तपासावे ते आकडा आणि प्रकृती यांचा मेळ बसत नसेल तेव्हाच. उदाहरणार्थ, माणूस ठणठणीत आहे आणि मीटर ५२ दाखवतो आहे, किंवा घाम व थरथर आहे आणि मीटर १४० म्हणतो आहे.

दुसरी गळती होते ती टोचण्याच्या पद्धतीत. मे महिन्यात आमच्याकडे एक गृहस्थ घरच्या मीटरवर तीनशेच्या वर साखर आली म्हणून घाबरून आले होते. आम्ही हात धुवायला लावून पुन्हा बोट टोचले, तेव्हा आकडा दीडशेच्या घरात आला. हापूस कापून हात नुसते पंचाला पुसले होते, एवढेच कारण निघाले. तेव्हा हात साबणाने धुवावेत आणि पूर्ण कोरडे करावेत. स्पिरिटची गरज नाही. बोटाच्या मध्यावर न टोचता कडेला टोचावे, कारण तिथे दुखते कमी आणि रक्तही पुरेसे येते. थंडीत कोमट पाण्याने हात धुऊन थोडा वेळ खाली सोडून ठेवले की थेंब सहज येतो. बोट दाबून दाबून रक्त काढल्यास त्यात पेशींबाहेरचे पाणी मिसळते आणि आकडा बिघडतो. थेंब अपुरा पडला की मीटर चूक दाखवतो आणि ती स्ट्रिप फुकट जाते. काही मीटरांत काही सेकंदांच्या आत दुसरा थेंब लावण्याची सोय असते. आपल्या मीटरच्या माहितीपत्रकात ती आहे का, ते पाहावे.

नवा मीटर घेतलात तर त्याची परीक्षा प्रयोगशाळेत घ्यावी. जुन्या मीटरशी त्याची तुलना करून काही सिद्ध होत नाही. उपाशीपोटीच्या तपासणीला येताना मीटर बरोबर आणावा आणि शिरेतून रक्त घेतल्यावर लगेच बोट टोचून आकडा लिहून ठेवावा. ही तुलना उपाशीपोटीच करावी, कारण जेवणानंतर बोटाच्या रक्तातली साखर शिरेतल्या रक्तापेक्षा मुळातच जास्त असते आणि मग मीटरला उगाच दोष दिला जातो.

नाडीपरीक्षा (कोल्हापूर)

मी जनरल प्रॅक्टिस करतो. खाली जे लिहितो आहे ते तुमच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावे म्हणून. त्यांना न विचारता आईंच्या बाबतीत काही बदलू नये.

स्वस्त स्ट्रिपचा विचार नंतर करू. आधी प्रत्येक स्ट्रिपला एक प्रश्न विचारावा : हा आकडा आल्यावर आपण काही वेगळे करणार आहोत का? औषधाची मात्रा, जेवण, चालणे किंवा डॉक्टरांना फोन यांपैकी काहीच बदलणार नसेल, तर ती स्ट्रिप फक्त वहीत भर घालते.

या कसोटीवर बाबांची रोजची सकाळची स्ट्रिप टिकत नाही. मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन या दोन औषधांनी, इतर काही नसताना, साखर धोकादायकरीत्या उतरण्याची शक्यता फार कमी असते. शिवाय त्यांचे एचबीए१सी स्थिर आहे. अशा रुग्णांनी रोज अनेकदा बोट टोचण्याची प्रथा टाळावी, असे अमेरिकेतील अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच सुचवले होते. त्यांच्यासाठी सहा महिन्यांतून एकदा, औषध बदलले असेल तर तीन महिन्यांनी, एचबीए१सी आणि मधून एखाद्या आठवड्यात दोन-तीन तपासण्या पुरेशा होतात. ताप, जंतुसंसर्ग, सांधेदुखीसाठी दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन किंवा नवीन औषध असेल त्या दिवसांत मात्र रोज पाहावे. एक सूचना खर्चाच्या पलीकडची आहे, तरीही देतो. डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्याला उलट्या, पोटदुखी, धाप असा त्रास झाला तर मीटरवर साखर चांगली दिसली म्हणून घरी बसू नये. या औषधावर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकते. ती गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे.

बाबांची मधूनमधूनची तपासणी सरकारी केंद्रातही होऊ शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि आयुष्मान आरोग्य मंदिरे यांमध्ये असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तिशीपुढच्या लोकांची रक्तातील साखर मोफत पाहिली जाते. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत बाह्यरुग्ण तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. तुम्हाला कामथ्याचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. रांगेत वेळ जातो, हे मान्य आहे. म्हणून हे बाबांसाठी सांगतो, आईंसाठी नाही.

आईंचे गणित निराळे आहे. ग्लार्जिनची मात्रा मुख्यतः सकाळच्या उपाशीपोटीच्या साखरेवरून ठरते, म्हणून ती स्ट्रिप रोज लागेल. तिथे काटकसर नको. ग्लिमेपिराइडमुळे दिवसाही, विशेषतः जेवणाला उशीर झाला तर, साखर उतरू शकते. आता तुमची पद्धत पाहू. रोज दुपारी जेवणानंतर तुम्ही पाहता, परंतु जेवणापूर्वी पाहत नाही. जेवणानंतर २१० आले तर ते त्या जेवणामुळे, की जेवायला बसतानाच १९० होते म्हणून, हे कसे कळणार? त्याऐवजी जोडी करून पाहावी : जेवणाच्या आधी एक आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एक. एका आठवड्यात सोमवारी न्याहारीची जोडी, बुधवारी दुपारच्या जेवणाची, शनिवारी रात्रीच्या जेवणाची. न्याहारीच्या जोडीतली पहिली स्ट्रिप म्हणजे सकाळची उपाशीपोटीचीच, त्यामुळे आठवड्याला पाचच जास्तीच्या स्ट्रिप्स लागतात. पुढच्या आठवड्यात दिवस बदलावेत. महिनाभरात तिन्ही जेवणांचे चित्र समोर येते, आणि रोज एकाच वेळी काढलेल्या तीस आकड्यांपेक्षा ते डॉक्टरांना अधिक उपयोगी पडते.

झोपतानाची तपासणी इन्सुलिनची मात्रा बदलली असेल, रात्री जेवण कमी झाले असेल किंवा दिवसभर कामाची दगदग झाली असेल, तेव्हा जरूर करावी. पहाटे घाम फुटल्याचा प्रसंग घडलेला आहे, म्हणून मात्रा बदलल्यावर एक-दोन रात्री तीन वाजताही पाहावे. तो आकडा फार बोलका असतो. घाम, थरथर, भोवळ, अकारण चिडचिड यांपैकी काही जाणवले तर स्ट्रिप वाचवण्याचा विचारच करू नये, लगेच तपासावे. आकडा ७० च्या खाली आला, किंवा मीटर हाताशी नसला, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. त्या वेळी त्या शुद्धीवर आणि गिळू शकणाऱ्या असल्या पाहिजेत. नसतील तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालयात न्यावे.

अशा रीतीने आईंना महिन्याला पन्नास-साठ आणि बाबांना आठ-दहा स्ट्रिप्स पुरतात. आज तुमच्या शंभर-सव्वाशे जातात. म्हणजे ब्रँड न बदलताच खर्च बराच खाली येईल, आणि डॉक्टरांच्या संमतीने बदललात तर आणखी कमी होईल. डॉक्टरांना "किती वेळा तपासू?" असे विचारले की उत्तर मोघमच येते. त्याऐवजी "कोणता आकडा किती आला तर इन्सुलिन किती कमी-जास्त करू, आणि केव्हा आपल्याला फोन करू?" असे विचारून ते वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्या हस्ताक्षरात लिहून घ्यावे.

कोजागरी (न्यू जर्सी)

बहिणीकडून मागवण्याबद्दल अनुभवाने लिहिते. इथे मोठ्या दुकानांच्या स्वतःच्या नावाचे मीटर आणि स्ट्रिप्स खरोखरच स्वस्त मिळतात, परंतु तुमच्या मीटरच्या नावाची इथली स्ट्रिप तुमच्या मीटरला चालेलच असे नाही, कारण मॉडेले निराळी असतात. तेव्हा इथला मीटर आणि त्याच्याच स्ट्रिप्स अशी जोडीच न्यावी लागते, आणि त्या संपल्या की पुढच्या पाहुण्याची वाट पाहावी लागते. रोज इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीचा मुख्य मीटर असा परदेशी पुरवठ्यावर अवलंबून ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाबांसाठी एखादा चालेल.

इथे विम्यातून मिळालेल्या जास्तीच्या स्ट्रिप्स विकत घेऊन पुन्हा विकणारेही आहेत. त्या कुठे आणि किती उन्हात पडून होत्या, याचा पत्ता लागत नाही. त्या बहिणीला घेऊ देऊ नका. कॅनडा किंवा इंग्लंडमधून कोणी मीटर आणला तर त्यावर आकडे मिलिमोलमध्ये दिसतील. तिथले ७ म्हणजे आपले साधारण १२६, कारण १८ ने गुणावे लागते. वयस्कर माणसांचा त्यात हमखास गोंधळ होतो.

टाइपवनची_आई (नागपूर)

वरचे सगळे सल्ले टाइप-२ साठी आहेत, हे कोणीतरी ठळकपणे लिहायला हवे होते म्हणून लिहिते. माझ्या मुलाला टाइप-१ आहे. त्याच्या प्रत्येक जेवणाआधी, खेळाआधी आणि झोपण्यापूर्वी स्ट्रिप लागतेच, आणि "कमी तपासा" हा सल्ला नातेवाइकांकडून ऐकून ऐकून आम्ही कंटाळलो आहोत. गरोदरपणातल्या मधुमेहालाही तो लागू नाही. आमच्यासारख्यांनी दर कमी करावा, संख्या नाही.

सतत साखर मोजणाऱ्या, दंडावर लावायच्या सेन्सरबद्दलही कोणी विचारेल. चौदा दिवस चालणारा एक सेन्सर पाच हजारांच्या आसपास जातो. कायम लावणे आम्हाला परवडत नाही. मात्रा बसत नसेल तेव्हा डॉक्टरांच्या भेटीच्या आधीचे दोन आठवडे तो लावतो. रात्रीचे संपूर्ण चित्र त्यात दिसते. आईंना पहाटे पुन्हा त्रास झालाच, तर असा एक सेन्सर डॉक्टरांना विचारून लावून पाहण्यासारखा आहे.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

सर्वांचे मनापासून आभार. बाबांची रोजची तपासणी उद्यापासूनच थांबवतो आणि आईसाठी जोडीच्या पद्धतीचा तक्ता करून डॉक्टरांना दाखवतो. तीन शंका उरल्या आहेत. सुयांबद्दल कोणी लिहिले नाही. दोघांचे बोट टोचायचे पेनही एकच आहे, सुई तेवढी बदलतो. आईचे हिमोग्लोबिन साडेनऊ आहे, त्याचा काही संबंध आहे का? आणि या बिलांवर प्राप्तिकरात काही सवलत मिळते का? आईबाबांचा आरोग्य विमा नाही.

लॅबवाली (नाशिक)

पेन दोन घ्यावेत आणि तेही लगेच. सुई बदलली तरी पेनाच्या टोपणाला रक्ताचा अंश राहतो आणि कावीळ-बीसारखे आजार त्यातून पसरू शकतात. मीटर एक चालेल, परंतु प्रत्येक वेळी पुसून घ्यावा आणि आकडे दोन वेगळ्या वह्यांत लिहावेत, कारण मीटरच्या स्मृतीत दोघांचे आकडे मिसळतात आणि डॉक्टरांनी नुसती बटणे दाबून पाहिले तर बाबांची साखर आईंच्या नावावर जाते.

सुई नियमाप्रमाणे एकदाच वापरायची असते. वापरून बोथट झालेल्या सुईने दुखते जास्त आणि थेंब नीट येत नाही, म्हणजे पुन्हा स्ट्रिपच वाया जाते. सुयांची किंमत स्ट्रिपच्या मानाने किरकोळ आहे. साध्या गोल सुयांचा शंभराचा डबा शे-दीडशे रुपयांत येतो आणि पुष्कळ पेनांना बसतो. सॉफ्टक्लिक्ससारख्या काही पेनांना मात्र त्यांच्याच सुया लागतात, त्यामुळे नवे पेन घेताना गोल सुई बसते का ते दुकानातच पाहावे. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून, बाटली बंद करून आणि वर 'सुया' असे लिहून द्याव्यात, म्हणजे घंटागाडीवरच्या माणसाच्या हाताला इजा होणार नाही.

हिमोग्लोबिनचा संबंध आहे आणि तो दुहेरी आहे. हिमोग्लोबिन कमी असले की पुष्कळ मीटर साखर खरी असते त्यापेक्षा जास्त दाखवतात; आपल्या मीटरच्या पत्रकात हिमॅटोक्रिटची (रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणाची) मर्यादा दिलेली असते, ती पाहावी. शिवाय लोहाच्या कमतरतेमुळे एचबीए१सीही खोटे वाढलेले दिसू शकते, आणि आपल्याकडे विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष असलेल्यांमध्ये ते खोटे कमी दिसू शकते. म्हणून आईंच्या मीटरची प्रयोगशाळेतल्या रक्ताशी तुलना आधी करावी, आणि हिमोग्लोबिन कमी का आहे याची तपासणी डॉक्टरांना करायला सांगावे. अशा स्थितीत स्वस्त मीटर घेताना पत्रकातली ती मर्यादा दराच्या आधी वाचावी.

हिशेबनीस (पुणे)

प्राप्तिकराचे एवढेच. साठ वर्षे पूर्ण झालेल्या पालकांचा आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्या वैद्यकीय खर्चावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतची वजावट ८०-डी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीखाली मिळते, आणि खर्च तुम्ही करत असाल तर ती तुम्हाला घेता येते. दोन अटी आहेत. तुम्ही जुन्या करप्रणालीत असले पाहिजे, आणि पैसे रोख दिलेले नसावेत. चिपळूणच्या दुकानातही यूपीआयने द्यावेत, बिलावर आईचे किंवा बाबांचे नाव घालून घ्यावे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधांबरोबर स्ट्रिप्सही लिहून घ्याव्यात. नव्या करप्रणालीत असाल तर ही वजावट नाही; केवळ एवढ्यासाठी प्रणाली बदलण्याआधी दोन्हींचा कर काढून पाहावा.